पेरणाऱ्याचा दृष्टांत

पेरणाऱ्याचा दृष्टांत हा येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या प्रसिद्ध दृष्टांतांपैकी एक आहे. बायबलच्या नव्या करारातील मत्तय (१३:१–२३), मार्क (४:१–२०) आणि लूक (८:४–१५) या तिन्ही शुभवर्तमानांत तो आढळतो. एक शेतकरी बी पेरतो. तेच बी चार प्रकारच्या जमिनींवर पडते आणि चार ठिकाणी त्याची चार प्रकारची गती होते, एवढेच या कथेचे सूत्र. बी म्हणजे देवाचे वचन आणि जमीन म्हणजे ते ऐकणाऱ्याचे अंतःकरण, असा तिचा उलगडा शुभवर्तमानांतच दिलेला आहे. देववचन ग्रहण करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार ख्रिस्ती परंपरेने ज्या उताऱ्यांच्या आधारे केला, त्यांत या दृष्टांताचे स्थान अग्रभागी आहे.

दृष्टांतातील चारही प्रकारचे लोक वचन ऐकतात. न ऐकणारा असा त्यात कोणीच नाही. त्यांच्यातील भेद सुरू होतो तो ऐकल्यानंतर. म्हणून वचन कानी पडणे आणि वचन स्वीकारणे या दोहोंमधील अंतर हाच या दृष्टांताचा मुख्य विषय मानला जातो.

नाव

मत्तयाच्या शुभवर्तमानात (१३:१८) येशू स्वतःच या कथेचा उल्लेख पेरणाऱ्याचा दृष्टांत असा करतो. त्यावरून हे नाव रूढ झाले. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘दृष्टांत’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही शब्द वापरले जातात. कथेचा भर पेरणाऱ्यापेक्षा जमिनीवर अधिक असल्यामुळे काही अभ्यासक तिला ‘चार जमिनींचा दृष्टांत’ असेही म्हणतात.

कथा

गालील सरोवराच्या काठी लोकांची इतकी गर्दी जमली की येशू एका नावेत जाऊन बसला आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या समुदायाला तेथून शिकवू लागला. मार्कच्या शुभवर्तमानात कथेचा आरंभ ऐकण्याच्या आज्ञेने होतो आणि शेवटही ज्याला कान आहेत त्याने ऐकावे, या अर्थाच्या आवाहनाने होतो.

पेरणारा पेरणीस निघतो. काही बी पायवाटेवर पडते आणि पाखरे ते टिपून घेतात. काही खडकाळ जागी पडते. तेथे माती थोडी असल्यामुळे ते लगेच उगवते, परंतु ऊन चढताच मूळ नसल्यामुळे करपून जाते. काही काटेरी झुडपांत पडते. झुडपे वाढून पिकाचा कोंडमारा करतात आणि त्याला दाणा धरत नाही. उरलेले बी चांगल्या जमिनीत पडते, वाढते आणि पीक देते. मार्कच्या पाठात हे पीक तीसपट, साठपट आणि शंभरपट असे चढत्या क्रमाने, तर मत्तयाच्या पाठात उतरत्या क्रमाने सांगितले आहे. लूक केवळ शंभरपटीचा उल्लेख करतो.

इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या प्राचीन कॉप्टिक हस्तलिखितांतील ‘थॉमसचे शुभवर्तमान’ या ग्रंथातही ही कथा (वचन ९) आहे. हा ग्रंथ बायबलमध्ये समाविष्ट नाही. त्यातील कथेला स्पष्टीकरणाची जोड नाही आणि पिकाचे प्रमाण साठपट व एकशेवीसपट असे दिले आहे.

शेतीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील शेतकरी तिफणीने किंवा पाभरीने ओळीत पेरणी करतो. दृष्टांतातील पेरणी मात्र हाताने बी फोकून केलेली आहे. अशा पेरणीत काही बी वाटेवर किंवा बांधाच्या कडेला जाणे अपरिहार्य असते. गालील प्रदेशात गहू आणि जव ही मुख्य धान्ये होती. शरद ऋतूतील पहिल्या पावसाबरोबर पेरणी होई आणि वसंतात कापणी. तेथील डोंगराळ भागात अनेक ठिकाणी चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. असा थर लवकर तापतो. त्यामुळे त्यातील बी इतरांच्या आधी अंकुरते आणि इतरांच्या आधी वाळूनही जाते. खडकाळ जागेचे वर्णन या प्रत्यक्ष अनुभवाशी जुळणारे आहे.

जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी असे प्रतिपादन केले की, त्या काळी आधी बी टाकून मग नांगर फिरवला जाई. लोकांच्या येण्याजाण्याने पडलेली पायवाट व वाळलेली झुडपे पुढे नांगरली जाणारच असल्याने तेथे बी टाकणारा शेतकरी निष्काळजी ठरत नाही. पेरणीपूर्वीही नांगरणी होत असल्याचे दाखवून इतर अभ्यासकांनी या मतावर आक्षेप घेतले. शंभरपट पीक हे अतिशयोक्त आहे की केवळ उत्तम, यावरही मतभेद आहेत. जुन्या करारातील उत्पत्ती या पुस्तकात (२६:१२) इसहाकाला शंभरपट पीक मिळाल्याचे नमूद असून, तेथे ते देवाच्या आशीर्वादाचे चिन्ह मानले आहे.

चार जमिनी

शिष्यांनी विचारल्यावर येशूने दृष्टांताचा जो उलगडा केला, त्यानुसार चार जमिनी या ऐकण्याच्या चार रीती आहेत.

पायवाट : येथे वचन आत शिरतच नाही. ते वरच्यावर राहते आणि सैतान ते हिरावून नेतो. मत्तयाच्या मते यांना वचन समजलेले नसते. पायवाट ही मुळात वेगळी माती नव्हे. सततच्या वर्दळीने घट्ट झालेली ती शेताचीच माती असते, याकडे अनेक प्रवचनकारांनी लक्ष वेधले आहे.

खडकाळ जमीन : हे लोक वचन तत्काळ आणि आनंदाने स्वीकारतात. बाहेरून पाहता चौघांत अधिक उत्सुक हेच दिसतात. परंतु वचनामुळे संकट किंवा छळ आला की ते ढळतात. तात्काळ उत्साह आणि खरी ग्रहणशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दुसऱ्या प्रकारातून स्पष्ट होते.

काटेरी जमीन : येथे मातीत दोष नाही. बी रुजते आणि रोप वाढते. पण त्याच मातीत दुसरेही काही वाढत असते. संसाराच्या चिंता, धनाचा मोह आणि इतर वासना अशी या काट्यांची नावे मार्क देतो. लूक त्यांत ऐहिक सुखांची भर घालतो. हे लोक वचन नाकारत नाहीत, त्याला जागा मात्र उरत नाही.

चांगली जमीन : येथे वचन ऐकले जाते, धरून ठेवले जाते आणि त्याला फळ येते. येथेही सर्वांचे पीक सारखे नाही. तीसपट पीक देणारी जमीन शंभरपट देणारीपेक्षा उणी असली, तरी दृष्टांतात ती चांगलीच जमीन म्हणून गणली आहे.

तीन शुभवर्तमाने, तीन क्रियापदे

चांगल्या जमिनीचे वर्णन करताना तीन शुभवर्तमानकार ‘ऐकणे’ या क्रियापदाला तीन निरनिराळ्या क्रियापदांची जोड देतात. मूळ ग्रीक पाठात मार्क म्हणतो की हे लोक वचन ऐकून ‘स्वीकारतात’. मत्तय म्हणतो की ते ऐकून ‘समजून घेतात’. लूक म्हणतो की ते ऐकून ‘घट्ट धरून ठेवतात’ आणि धीराने फळ देतात. स्वीकार, आकलन आणि धारणा या तीन अंगांनी मिळून ग्रहणशीलतेची कल्पना पूर्ण होते. लूकने वापरलेला ‘धीर’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे, कारण पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये काही महिने जावे लागतात. याच अध्यायात मार्कने आपोआप वाढणाऱ्या बीजाचाही दृष्टांत दिला आहे (४:२६–२९). बी टाकून शेतकरी झोपतो, उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. हा दृष्टांत अन्य शुभवर्तमानांत नाही.

‘ऐकणे’ या शब्दाचा अर्थ

दृष्टांताच्या मागे ज्यू धर्मपरंपरेतील ऐकण्याची कल्पना आहे. अनुवाद या पुस्तकातील (६:४–५) इस्राएलाला उद्देशून केलेले आवाहन ‘शेमा’ या नावाने ओळखले जाते. धर्मनिष्ठ ज्यू ते सकाळ-संध्याकाळ म्हणतात. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’. या हिब्रू क्रियापदात कानाने ऐकणे आणि ऐकल्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतही ‘गाणे ऐकणे’ आणि ‘आईचे ऐकणे’ यांतील क्रियापद एकच असले तरी दुसऱ्या प्रयोगात आज्ञापालनाचा अर्थ असतो. दृष्टांतातील ऐकणे या दुसऱ्या प्रकारचे आहे.

स्वीडिश अभ्यासक बिर्गर गेरहार्डसन यांनी दृष्टांताचा थेट संबंध शेमाशी जोडला. देवावर संपूर्ण हृदयाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करावी, असे शेमात सांगितले आहे. पायवाट हे हृदयाचे, खडकाळ जागा हे छळाच्या वेळी जिवाचे आणि काटेरी जागा हे धनरूपी शक्तीचे अपयश दाखवते, अशी मांडणी त्यांनी केली. ती सर्वांनी मान्य केलेली नाही. मात्र शेमाची पार्श्वभूमी या दृष्टांतावरील चर्चेत नेहमी विचारात घेतली जाते.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (१:२१–२५) हीच कल्पना आरशाच्या उपमेने मांडली आहे. वचन केवळ ऐकून त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य आरशात तोंड पाहून आपले रूप विसरून जाणाऱ्यासारखा आहे, असे तेथे म्हटले आहे.

यशयाचा संदर्भ आणि एक कठीण प्रश्न

दृष्टांत आणि त्याचा उलगडा यांच्यामध्ये येशू यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एका उताऱ्याचा (६:९–१०) आधार घेतो. लोक पाहतील पण त्यांना दिसणार नाही, ऐकतील पण समजणार नाही, असा त्याचा आशय आहे. मार्कच्या ग्रीक पाठात (४:१२) येथे हेतुवाचक शब्द आहे. त्यामुळे लोकांना समजू नये म्हणूनच दृष्टांत सांगितले जातात, असा अर्थ निघतो. मत्तयाने (१३:१३) त्या जागी कारणवाचक शब्द वापरला आहे; लोक पाहूनही पाहत नाहीत, म्हणून त्यांच्याशी दृष्टांतांनी बोलावे लागते, असा तेथे अर्थ होतो.

या एका शब्दाच्या फरकावर फार मोठा प्रश्न अवलंबून आहे. अंतःकरणाची कठोरता देवानेच ठरवलेली असेल, तर न ऐकणाऱ्याला दोष कसा द्यावा? आणि ती मनुष्याची स्वतःची निवड असेल, तर देवाच्या वचनाचे सामर्थ्य कोठे गेले? काही भाष्यकार मार्कच्या शब्दाचा अर्थ हेतू असा न घेता परिणाम असा घेतात. इतर काही जण त्याच अध्यायातील पुढच्या वचनांकडे (४:२१–२२) लक्ष वेधतात. दिवा मापाखाली ठेवण्यासाठी नसतो आणि झाकलेले ते उघड होण्यासाठीच असते, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे लपवणे हा अंतिम हेतू नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. शिष्यांनाही दृष्टांत पहिल्या ऐकण्यात कळलेला नाही. गर्दीपेक्षा त्यांचे वेगळेपण इतकेच की ते मागे थांबून अर्थ विचारतात (मार्क ४:१०). न समजणे हा ग्रहणशीलतेचा अभाव ठरत नाही. न समजताच निघून जाणे मात्र ठरते.

अर्थविवरणाचा इतिहास

चर्चपिते

चौथ्या-पाचव्या शतकांतील चर्चपित्यांनी या दृष्टांतावर विपुल प्रवचने केली. योहान ख्रिसोस्तोम यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावरील चव्वेचाळिसाव्या प्रवचनात पेरणाऱ्याच्या वागण्याचा प्रश्न घेतला. खडकावर आणि काट्यांत बी टाकणारा खरा शेतकरी मूर्ख ठरेल. परंतु मनुष्याच्या आत्म्याच्या बाबतीत तसे नाही, कारण तेथे खडकाची सुपीक माती होऊ शकते, तुडवलेली वाट पुन्हा शेत होऊ शकते आणि काटे उपटून टाकता येतात, असे उत्तर त्यांनी दिले. ऑगस्टीन यांनीही श्रोत्यांना घट्ट जमीन नांगरण्याचे, दगड वेचून काढण्याचे आणि काटे उपटण्याचे आवाहन केले. जमिनीचा प्रकार हे कोणाचेही कायमचे भाग्य नाही, हा विचार या दोघांच्या प्रवचनांत समान आहे.

जेरोम यांनी शंभर, साठ आणि तीस या संख्या अनुक्रमे ब्रह्मचर्य, वैधव्य आणि विवाहित जीवन यांना लावल्या. मध्ययुगात हा अर्थ दीर्घकाळ प्रचलित होता. धर्मसुधारकांनी तो नाकारला.

पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) यांनी या दृष्टांतावरील प्रवचनात एक विलक्षण उदाहरण दिले. रोममधील संत क्लेमेंट यांच्या चर्चकडे जाणाऱ्या ओवरीत सर्व्हुलस नावाचा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला एक भिकारी पडून असे. त्याला अक्षरओळख नव्हती. तरीही मिळालेल्या भिक्षेतून त्याने धर्मग्रंथाच्या पोथ्या विकत घेतल्या. येणाऱ्याजाणाऱ्या धार्मिक पाहुण्यांकडून तो त्या सतत वाचून घेई आणि त्यामुळे ग्रंथ त्याला उत्तम प्रकारे अवगत झाला. जे हाती आले त्यातूनही तो इतर गरिबांना देत असे. धीराने फळ देणाऱ्या चांगल्या जमिनीचे उदाहरण म्हणून ग्रेगरी यांनी विद्वानाऐवजी या निरक्षर रुग्णाची निवड केली.

धर्मसुधारणा

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत वचनाच्या श्रवणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. विश्वास हा ऐकण्याने उत्पन्न होतो, हा पौलाचा विचार (रोमकरांस पत्र १०:१७) मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मविचाराचा एक आधारस्तंभ होता. जॉन कॅल्व्हिन यांनी वचनाची सत्यता श्रोत्याच्या अंतःकरणात पवित्र आत्मा पटवून देतो, यावर भर दिला. त्यांच्या परंपरेनुसार चांगली जमीन ही देवाच्या कृपेनेच चांगली झालेली असते. फिलिप्पै नगरात पौलाचे बोलणे ऐकणाऱ्या लुदिया नावाच्या व्यापारी स्त्रीचे अंतःकरण प्रभूने उघडले, हे प्रेषितांच्या कृत्यांतील वर्णन (१६:१४) त्यासाठी आधार म्हणून दिले जाते. याकोबस आर्मिनियस यांच्या अनुयायांनी कृपा स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य मनुष्याला असते, असे मत मांडले. १६१८–१९ मधील डॉर्ट येथील धर्मसभेने ते फेटाळले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका स्पष्ट केली. तिच्यानुसार पुढाकार कृपेचा असतो आणि मनुष्य तिला संमती देऊन सहकार्य करतो.

आधुनिक अभ्यास

जर्मन अभ्यासक अडोल्फ युलिखर यांनी १८८८ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, दृष्टांताला एकच मुख्य मुद्दा असतो, त्यातील प्रत्येक तपशिलाला स्वतंत्र अर्थ चिकटवणे योग्य नाही, अशी भूमिका मांडली. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी असे मानले की शुभवर्तमानांतील उलगडा हा आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने केलेला असावा. येरेमियास यांच्या मते मूळ कथेचा भर अपयशानंतरही येणाऱ्या विपुल पिकावर, म्हणजे देवाच्या राज्याच्या खात्रीवर आहे. इतर अभ्यासक मात्र उलगडा मूळ कथेशी सुसंगत मानतात.

मेरी ॲन टोलबर्ट यांनी १९८९ मधील ‘सोइंग द गॉस्पेल’ या ग्रंथात मार्कचे संपूर्ण शुभवर्तमान या दृष्टांताच्या प्रकाशात वाचले. त्यांच्या मते शिष्य हे खडकाळ जमिनीचे प्रतिनिधी आहेत. ते येशूच्या हाकेला तत्काळ प्रतिसाद देतात आणि त्याला अटक होताच पळून जातात. त्यांच्यातील प्रमुख शिष्याचे ‘पेत्र’ हे नावही खडक या अर्थाचे आहे. आपली संपत्ती सोडता न आल्याने खिन्न होऊन परत गेलेला श्रीमंत मनुष्य (१०:१७–२२) हा काटेरी जमिनीचा नमुना होय. तथापि ख्रिस्ती परंपरेत हाच पेत्र पुढे मंडळीचा आधार ठरला. त्यामुळे दृष्टांताचा उपयोग माणसांची कायमची वर्गवारी करण्यासाठी करता येत नाही, हे त्याच्या उदाहरणावरूनही दिसते.

आचरणातील ग्रहणशीलता

ख्रिस्ती परंपरेने वचन ग्रहण करण्यासाठी काही निश्चित पद्धती विकसित केल्या. सहाव्या शतकात नुर्सियाच्या बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीचा पहिला शब्दच ऐकण्याची आज्ञा देणारा आहे. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात शारीरिक श्रमांबरोबरच धर्मवाचनासाठी रोजचे ठरावीक तास नेमून दिले आहेत. या वाचनाला लॅटिन भाषेत ‘लेक्तिओ दिविना’, म्हणजे पवित्र वाचन, असे नाव आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. अन्न तोंडात घालणे, चावणे, चव कळणे आणि त्या गोडीतच रमणे, असे रूपक त्यांनी त्यासाठी योजले. मठवासी लेखक मननाला ‘रवंथ’ असेही म्हणत. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही वेदान्तातील त्रयी परिचित असलेल्या मराठी वाचकाला येथे साम्य जाणवेल. मात्र लेक्तिओ दिविनात प्रार्थना हा स्वतंत्र टप्पा आहे. वाचक ग्रंथातून बोलणाऱ्या देवाला तेथे उत्तर देतो, अशी त्यामागील धारणा आहे.

सामुदायिक उपासनेतही या तयारीला स्थान आहे. मिस्सा विधीत शुभवर्तमान वाचण्यापूर्वी कॅथलिक भाविक कपाळावर, ओठांवर आणि छातीवर क्रुसाची लहान खूण करतात. वचन बुद्धीत, वाणीत आणि अंतःकरणात राहावे, हा त्यामागील भाव होय. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाचनापूर्वी पवित्र आत्म्याच्या प्रकाशासाठी प्रार्थना केली जाते. रोमन कॅथलिक पाठक्रमाच्या तीन वर्षांच्या चक्रातील ‘अ’ वर्षी सामान्य काळातील पंधराव्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातील हा दृष्टांत वाचला जातो. त्याच्या जोडीला पाऊस आणि हिम भूमीला फलद्रूप केल्याविना परत जात नाहीत, या आशयाचा यशयाचा उतारा (५५:१०–११) असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना बायबल वाचण्याचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये वर्षातील एक रविवार देववचनासाठी राखून ठेवण्याची प्रथा सुरू केली.

ग्रहणशीलता आणि विवेक

वचनाला मन मोकळे ठेवणे म्हणजे वचन सांगणाऱ्या प्रत्येकाच्या म्हणण्यापुढे मान तुकवणे नव्हे, हेही ख्रिस्ती परंपरेत सांगितले गेले आहे. बिरुया नगरातील लोकांनी पौलाचा उपदेश मोठ्या उत्सुकतेने ऐकला आणि तो खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र पडताळत राहिले. प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) याबद्दल त्यांची प्रशंसा केली आहे. उत्सुकता आणि पडताळणी तेथे एकमेकींच्या विरोधी मानलेल्या नाहीत.

हा विवेक किती आवश्यक आहे, याचा पुरावा गुलामगिरीच्या इतिहासात मिळतो. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडन येथे बायबलची एक निवडक आवृत्ती छापण्यात आली. तीत इजिप्तच्या दास्यातून इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा सांगणाऱ्या निर्गम या पुस्तकाचा बहुतेक भाग गाळलेला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ (१९४९) या पुस्तकात आपल्या आजीची हकिगत सांगितली आहे. ती गुलामगिरीत जन्मली होती. मालकाचा गोरा धर्मोपदेशक पौलाच्या पत्रांचा आधार घेऊन गुलामांना आज्ञाधारकपणाच शिकवत असे. स्वतंत्र झाल्यावर ती नातवाकडून बायबल वाचून घेई. पौलाची पत्रे मात्र, प्रीतीविषयीच्या एका अध्यायाचा अपवाद वगळता, ती त्याला वाचू देत नसे. वचनावरील तिची श्रद्धा ढळली नव्हती. वचनाच्या नावाखाली पेरले गेलेले दुसरे बी तिने ओळखले होते.

दृष्टांताचा आणखी एक गैरवापर संभवतो. उपदेशाचा परिणाम झाला नाही की श्रोत्यांची जमीनच वाईट, असे म्हणणे उपदेशकाला सोपे असते. दुःखात श्रद्धा डळमळलेल्या माणसावरही असा शिक्का मारला जाऊ शकतो. लूकच्या शुभवर्तमानात मात्र दृष्टांतानंतरची सूचना (८:१८) ऐकणाऱ्याने आपण कसे ऐकतो याकडे स्वतः लक्ष द्यावे, अशी आहे. दुसऱ्याची जमीन तपासण्याचा अधिकार दृष्टांत कोणालाही देत नाही.

कला आणि संगीत

पाश्चात्त्य चर्चच्या जुन्या पाठक्रमात लूकच्या शुभवर्तमानातील हा दृष्टांत उपवासकाळापूर्वीच्या सेक्सागेसिमा या रविवारी वाचला जाई. त्या रविवारसाठी योहान सेबास्टियन बाख यांनी रचलेल्या संगीतकृतींपैकी १८ क्रमांकाची कॅन्टाटा प्रसिद्ध आहे. फ्रेंच चित्रकार झां-फ्रांस्वा मिले यांचे ‘पेरणारा’ हे चित्र १८५० मधील आहे. त्यापासून स्फूर्ती घेऊन व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८८ मध्ये आर्ल येथे पेरणाऱ्याची चित्रे रंगवली. चित्रकार होण्यापूर्वी व्हॅन गॉग यांनी बेल्जियममधील कोळसा खाणींच्या भागात धर्मोपदेशक म्हणून काम केले होते.

मराठी भाषेच्या संदर्भात

वचन समजून घेणे ही मत्तयाच्या पाठातील अट पूर्ण होण्यासाठी ते ऐकणाऱ्याच्या भाषेत असावे लागते. मराठीत या दिशेने झालेला एक आरंभीचा मोठा प्रयत्न म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात बायबलचा आशय सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितला आहे. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना परिचित अशा रूपात तो त्यांच्यापुढे ठेवला गेला. विल्यम कॅरी यांच्या नेतृत्वाखाली बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध झाले.

पंडिता रमाबाई यांनी संपूर्ण बायबलचे हिब्रू व ग्रीक मूळ पाठांवरून साध्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना ते समजावे, हा त्यांचा उद्देश होता. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात गुंतलेल्या होत्या. केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते १९२४ मध्ये प्रकाशित झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

वचन रुजण्यास लागणाऱ्या काळाचे मराठीतील परिचित उदाहरण कवी नारायण वामन टिळक यांचे आहे. रेल्वेच्या प्रवासात एका अपरिचित सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. तरीही त्यांनी त्वरित निर्णय घेतला नाही. वाचन, शंका आणि पत्रव्यवहार यांत बराच काळ गेल्यानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे त्यांना आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना एकमेकांपासून दूर राहावे लागले. लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हा सर्व काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात चित्रित केला आहे. एकाच घरातील दोन माणसांना वचन स्वीकारण्यास लागलेला वेगवेगळा अवधी त्यात पाहावयास मिळतो.